बांध नसलेलं शिवार

शेतकऱ्याच्या भांडणाचं मूळ शोधायला लांब जावं लागत नाही. त्याच्या बांधावर जाऊन उभं राहिलं की पुरे. मला मात्र माझ्या भांडणाचं मूळ दिसायला साता समुद्रापलीकडं जावं लागलं. तीच गोष्ट सांगतो.

माझी लेक नॉटिंगहॅमला एका दवाखान्यात नर्स आहे. २०२२ च्या दिवाळीनंतर तिच्या बाळंतपणाला मी आणि बायको तिकडं गेलो. बायकोला कामच काम. डिंकाचे लाडू, शेक, बाळाला न्हाऊ घालणं. मला काय? खिडकीतनं पाऊस बघायचा आणि चार वाजता अंधार पडला की जेवणाची वाट बघायची. आठ दिवसांत जीव कावला. लेकीनं ओळखलं. म्हणाली, "दादा, तुम्हाला राजवाडा दाखवला तरी तुम्ही त्याच्या मागचं वावर शोधणार. यांना गुरुवारी सुट्टी आहे. एक गाव आहे, ते बघून या."

गावाचं नाव लॅक्स्टन. नॉटिंगहॅमपासून गाडीनं तासाभराच्या आत. रॉबिन हूडच्या गोष्टीतलं शेरवूडचं जंगल तिथून जवळच. जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगाला वावरं, आणि प्रत्येक वावराला काटेरी झुडपांचं दाट कुंपण. मी जावयांना म्हणालो, "पाव्हणं, लोकांनी कुंपणं झकास राखल्यात." ते म्हणाले, "दादा, ही कुंपणं मूळची नाहीत. पूर्वी इकडं बऱ्याच गावांत सगळं शिवार मोकळं होतं. पुढं पार्लमेंटनं कायदे करून करून ती शिवारं वाटली, कुंपणात घातली." तीनशे वर्षांत असे पाच हजारांवर कायदे झाले आणि सुमारे अडुसष्ट लाख एकर जमीन त्यात गेली. वाटणी ज्याच्या नावावर जमीन त्याला मिळाली. ज्याची एक गाय गावच्या गायरानावर चरत होती आणि ज्याच्या नावावर काहीच नव्हतं, त्याचं गायरान गेलं आणि मागोमाग गायही गेली. लॅक्स्टनपासून थोड्या अंतरावर साउथवेल म्हणून गाव आहे. तिथं १८२४ साली बांधलेलं गरिबांचं कामघर अजून उभं आहे. पोटाला मिळेना अशी माणसं तिथं यायची. नवरा एकीकडं, बायको दुसरीकडं, पोरं तिसरीकडं ठेवायचे. सगळी गरिबी कुंपणातनंच आली असं मी म्हणणार नाही. पण गायरान गेल्यावर गरिबाच्या घरात काय होतं, ते सांगायला मला इतिहासाचं पुस्तक लागत नाही.

लॅक्स्टन या सगळ्यातनं सुटलं. कसं? तर गावातल्या दोन मोठ्या जमीनदारांचं आपसात जमेना, म्हणून वाटणी पुरी झालीच नाही, असं सांगतात. मला हसू आलं. दोघांच्या भांडणानं गाव मोडल्याची उदाहरणं मला ढीगभर माहीत आहेत. दोघांच्या भांडणानं गाव टिकल्याचं हे पहिलंच ऐकलं.

गाव छोटं. एक चर्च, एक मोठी गल्ली, लाल विटांची घरं, त्यातली कितीतरी रस्त्याकडं आडवी बसलेली. इंग्लंडात शेतकरी बहुतेक आपापल्या शेतातच राहतो, वस्ती करून. इथं मात्र घरं सगळी गावठाणात आणि शेतं बाहेर शिवारात. अगदी आमच्यासारखं. मला एकदम ओळखीचं वाटलं.

गावाबाहेर आलो आणि गाडीतनं उतरलो. पुढं बघितलं तर शिवारात बांधच नाही. कुंपण नाही, धुरा नाही, ताली नाही. नुसता गहू उगवून वर आलेला, वीतभर, लांबच्या लांब. जावई म्हणाले, "हे एकाचं वावर नाही दादा. यात कितीतरी जणांच्या पट्ट्या आहेत." मी वाकून बघायला लागलो. पट्टी कुठं संपते हे पिकाच्या ओळीवरनं आणि टोकाला ठोकलेल्या खुंटावरनं कळायचं, तेवढंच.

तिथली रीत अशी. शिवाराचे तीन मोठे भाग. पश्चिमेचं, दक्षिणेचं आणि गिरणीचं. एकात यंदा गहू, दुसऱ्यात उन्हाळ्याच्या तोंडाला पेरायचं पीक, तिसरं पड किंवा चाऱ्याला. दर साली पाळी पुढं सरकते. प्रत्येकाची जमीन तिन्हींत विखुरलेली, म्हणजे चांगलं रान एकाला आणि खडकाळ दुसऱ्याला असं होत नाही. मध्ये मध्ये ओलीची सखल जागा आहे, ती नांगरायची नाही. तिथलं गवत राखायचं आणि दर साली लिलाव करायचा. ही रीत शेकडो वर्षांची. १६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या माणसानं या गावाचा नकाशा काढला, तो ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात अजून आहे. त्याची प्रत मी बघितली. एकेक पट्टी दाखवलीय, वर नाव लिहिलंय, आणि मधे मधे नांगरणारी, पेरणारी, कापणी करणारी माणसं चितारलीत. हा नकाशा ज्यानं करवून घेतला तो गावाचा तेव्हाचा मालक, सर विल्यम कोर्टन, लंडनचा मोठा व्यापारी. त्याच्याच गटाची जहाजं १६३६ साली गोव्याला येऊन लागली होती. जग केवढंसं आहे बघा.

आणखी एक गोष्ट तिथं कळली आणि मी चाटच पडलो. आमच्या लहानपणी रस्त्यावर मैलाचे आणि फर्लांगाचे दगड असायचे. फर्लांग हा शब्द मी साठ वर्षं वापरला, पण तो कुठनं आला हे कधी मनात आलं नाही. त्याचा मूळ अर्थ लांब तास. बैल एका दमात जेवढं तास ओढतील, तेवढी लांबी. ६६० फूट. एक फर्लांग लांब आणि ६६ फुटांची एक साखळी रुंद, की झाला एकर. आणि आपला गुंठा म्हणजे त्या साखळीच्या निम्म्याचा चौकोन, ३३ फूट बाय ३३ फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे तोच एकर. १८३५ च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी नवी मोजणी सुरू केली, ती आमच्याच इंदापूर तालुक्यात. म्हणजे ज्या मापानं आम्ही भाऊबंद एकमेकांच्या उरावर बसलो, ते माप असल्याच शिवारातनं आमच्याकडं आलं होतं. माप आलं. पण मापासोबत जी दुसरी गोष्ट तिथं होती, ती आली नाही. ती त्या दिवशी मला बघायला मिळाली.

जावयांनी गुरुवार मुद्दाम निवडला होता. नोव्हेंबरच्या शेवटाला तिथं पंच शिवारात फिरतात. बारा माणसं आणि त्यांचा एक म्होरक्या. सगळे त्याच गावचे. ट्रॅक्टरच्या ट्रेलरमधनं आले, रबरी बूट घातलेले. ज्या भागात नवा गहू पेरलाय, त्या भागात ते पट्टी पट्टी बघत चालतात. कुणी नांगरताना रस्ता खाल्लाय का, कुणी गवताच्या जागेत फाळ घातलाय का, कुणी चर साफ केला नाही का. जिथं हद्द सरकली असेल तिथं खुंट उपटतात, बरोबर जागी नवा ठोकतात. दुपारी सगळे एकत्र जेवतात. आठवड्यानं गावच्या पबात त्यांची सभा बसते, तिला कोर्ट लीट म्हणतात. तिथं दोष वाचून दाखवतात आणि दंड करतात. दंड अगदी किरकोळ. पुढच्या सालचे पंचही तिथंच नेमतात.

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. चिखल, वारा, हातपाय गारठलेले. एका पट्टीच्या टोकाला ते थांबले. दोघं-तिघं वाकले, बोलले, एकानं घण उचलला. खुंट सरकला. किती? लांबनं नीट दिसलं नाही, फार तर एक पाऊल. कुणाचा आवाज चढला नाही. आमच्या शेजारी एक म्हातारा शेतकरी उभा होता. मी जावयांकरवी विचारलं, ही पट्टी कुणाची? त्यानं पंचांतल्याच एकाकडं बोट केलं. म्हणलं, म्हणजे ज्यानं खाल्लं तोच मोजतोय? म्हातारा हसला. म्हणाला, यंदा त्याची, मागं एकदा माझी होती.

आणि मला तिथं चिखलात उभ्या उभ्या घाम फुटला. आता माझी गोष्ट सांगतो.

आम्ही दोघं भाऊ. आप्पा थोरला, मी धाकटा. दहावीची पहिली बॅच १९७५ ची, त्यात मी पास झालो. आप्पा चौथीतनं बैलामागं गेला होता, म्हणून मला शिकता आलं. १९८४ ला वाटण्या झाल्या. मधे बांध पडला. लांबी जवळजवळ एक फर्लांग. माझ्या अंगाला विहीर, त्याच्या अंगाला लिंबाचं झाड. वीस वर्षं आम्ही शेजारी कसलं. आणि हळूहळू माझ्या मनात बसलं की आप्पा बांध कोरतोय. कारण बांध बारीक दिसायला लागला होता. बायकोलाही तसंच वाटायचं. आप्पाला विचारलं तर तो म्हणायचा, "अरं, मी कशाला कोरू? तुझ्याच फाळाची माती बग की." या बोलण्यानं तर माझं डोकंच फिरायचं. २००४ ला मीच पैसे भरून सरकारी मोजणी आणली. मोजणीदारानं साखळी लावली, खुणेचे दगड शोधून काढले आणि सांगितलं, तुमच्या भावाच्या रानातले तीन गुंठे तुमच्याकडं आहेत.

लोकं जमली होती. मी म्हणालो, मोजणी खोटी आहे. पैसे चारलेत. आप्पा काही बोलला नाही, नकाशा घडी घालून खिशात ठेवला. मी कोर्टात दावा लावला, जैसे थे हुकूम आणला. आठ वर्षं तारखा. तीन गुंठ्यांच्या किमतीपेक्षा जास्त पैसा वकिलात आणि एस्टीत गेला. २०१२ ला आप्पा वारला. पुतण्यानं तारखेला येणं सोडलं. रान माझ्याकडंच राहिलं. गाव म्हणालं, नाना जिंकला.

लॅक्स्टनहून परत येताना गाडीत मी हिशोब केला. ६६० फूट लांब बांध. तीन गुंठे म्हणजे रुंदीला पाच फूट. वीस वर्षांत पाच फूट म्हणजे सालाला तीन इंच. चार बोटं. हाताची चार बोटं जुळवून बघितली. एवढंच. दर साली नांगराचं शेवटचं तास मी चार बोटं आत घेतलं. बांध माझ्या अंगानं ढासळायचा, त्याच्या अंगाला मातीची भर पडायची, तिथं गवत धरायचं. बांध चालत नाही असं आपण म्हणतो. आमचा चालला.

आता खरा प्रश्न. मी चोरी कधी केली? एखाद्या साली मी ठरवून आप्पाचं रान घेतलं असतं तर मला कळलं असतं, झोप उडाली असती. पण चार बोटं म्हणजे काही चोरी नव्हे. पुढच्या साली परत चार बोटं, तीही चोरी नव्हे. अशा वीस न केलेल्या चोऱ्यांची बेरीज तीन गुंठे होते, हे कुठल्या शाळेत शिकवतात? मी हे जाणूनबुजून केलं का? देवाशपथ सांगतो, नाही. पण तेवढ्यानं सुटका होत नाही. कारण एक मला पक्कं माहीत आहे. वीस वर्षांत नांगराचं एकही तास चुकून माझ्या अंगाला कमी पडलं नाही. चूक झाली तर दोन्हीकडं व्हायला पाहिजे होती. एकाच बाजूला होत राहिली, तर ती चूक कशी म्हणायची? हात चुकत असेल, मन चुकत नव्हतं.

आपल्या बांधाकडं बघताना माणसाची नजर सरळ नसते. हा माझा काही अपराध म्हणून वेगळा नाही, सगळ्यांचंच तसं आहे. भाऊबंदकीत बघा, नोकरीत बघा, शहरात दोन फ्लॅटच्या मधल्या जागेत ठेवलेल्या चपलांच्या कपाटाचं बघा. हळूच सरकतं. म्हणून सज्जन माणूस म्हणजे ज्याची नजर सरळ तो नव्हे, अशी नजर कुणाकडंच नसते. आपली नजर वाकडी आहे हे ज्याला मान्य आहे आणि जो दुसऱ्याला म्हणतो की बाबा, तू बघ, तो सज्जन. लॅक्स्टनची माणसं आमच्यापेक्षा चांगली आहेत असं मला वाटत नाही. चांगली असती तर खुंट हलवायचा प्रसंगच आला नसता. ती पण खातात. फक्त चार बोटांचा न्याय ती चार बोटांवरच करतात, त्याला पाच फूट होऊ देत नाहीत.

आपल्याकडं कायदा नाही का? आहे, आणि मोजणी अगदी इंचाला बरोबर निघाली. पण ती वीस वर्षांनी आली. तोवर मी नुसतं रान खाल्लं नव्हतं, आप्पा चोर आहे हे वीस वर्षं मनात घोटून पक्कं केलं होतं. त्या दिवशी मान्य करायचं म्हणजे तीन गुंठे सोडणं एवढंच नव्हतं, वीस वर्षं मी खोटा होतो हे चारचौघांत कबूल करणं होतं. एवढा दंड भरायची ताकद माझ्यात नव्हती. दंड लहान असला की माणूस कबूल होतो. मोठा झाला की वकील गाठतो.

आणि गाव काय करत होतं? बघत होतं. बांध सरकताना शेजारच्या चार गटांच्या मालकांना दिसत होता, नंतर दोघांनी मला तसं सांगितलंही. तेव्हा का बोलला नाहीत विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्याच्या भानगडीत कशाला पडा?" तिथं बारा माणसांना बोलायचं कामच नेमून दिलेलं असतं. बोलला म्हणून कुणी वैरी होत नाही, कारण पुढच्या साली त्याच्याही पट्टीवर कुणीतरी घण घेऊन उभा राहणार असतो.

म्हणून मी तिकडच्या रीतीची आरती ओवाळत नाही. तिची दुसरी बाजूही आहे. जमीन त्या शेतकऱ्यांच्या मालकीची नाही, ते कुळं आहेत. १९५२ ला सरकारनं जमीनदाराकडनं गाव विकत घेतलं, १९८१ ला ते राजघराण्याच्या इस्टेटीकडं गेलं, २०२० ला परत जुन्या जमीनदाराच्या थोर्सबी इस्टेटीकडं आलं. मालकी दुसऱ्याची असली की बांधावरनं जीव तेवढा तुटत नसेल. कूळ म्हणून राबणं काय असतं ते माझ्या आज्ज्याला माहीत होतं, त्याला कुणी हे शिवार दाखवून भुलवू शकलं नसतं. त्यांची ती पंचसभासुद्धा मुळात जमीनदाराचीच कचेरी. आणि आपल्या पारावरच्या पंचांचं तरी काय? ज्यांच्या नावावर वीतभर रान नव्हतं त्यांना त्या पारावर बसायलाही मिळत नव्हतं, बायांची तर गोष्टच सोडा. त्यांच्यासाठी सरकारी कोर्टच बरं. आणि आमच्या दुष्काळी भागात बांध नुसती हद्द नाही, तो पाणी अडवतो, माती धरतो. तेव्हा बांध काढा, जुनी पंचायत आणा, असलं काही मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की सालातनं एकदा कुणीतरी आपल्या बांधावरनं चालत जावं आणि आपण त्याला चालू द्यावं.

फेब्रुवारीत गावी आलो. चार दिवस गेले, धीर होईना. पाचव्या दिवशी पुतण्याकडं गेलो. तो गोठ्यात धार काढत होता. म्हणलं, "मोजणीचा कागद आहे का रं?" तो बघतच राहिला. मग आतनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला नकाशा आणला. आप्पानं घडी घातला होता, त्याच घडीत होता. आम्ही दोघांनी दगड हुडकले. एक बाभळीच्या बुडात निघाला. ट्रॅक्टर लावून बांध मूळ जागी नेला. वीस वर्षं सरकत आलेला बांध, परत न्यायला दीड दिवस लागला.

तेव्हापासून ठरवलंय. दर साली वैशाखात, नांगरटीच्या आधी, मी, पुतण्या आणि शेजारच्या गटातले दोघं असे बांधावरनं चालतो. पहिल्याच साली विहिरीच्या अंगाला बांध कोरलेला निघाला. माझ्या पोरानं रोटर मारताना चाक आत गेलं होतं. मी बोटं लावून बघितली. चार. पोरगा म्हणाला, "मी मुद्दाम नाही केलं." म्हणलं, "ठाऊक आहे मला." पुतण्या हसला. म्हणाला, "नाना, दंड काय लावायचा?" चार पाट्या माती ठरली. पोरानं तिथल्या तिथं टाकली, पायानं दाबली आणि आम्ही पुढं चाललो.

वहिनी अजून माझ्याशी बोलत नाही. मी दारात गेलो की ती आत जाते. तिचं काही चुकत नाही. माझा दंड चार पाट्या मातीत भागला असता, तेव्हा मी तो भरला नाही.